सिगारच्या पेटीतलं ओलं फडकं

माणिकपूरच्या दवाखान्यात सुनंदाचा नंबर यायला वेळ होता. शेजारच्या बाकावर अर्नाळ्याची रोझलीनमावशी आणि तिची शेजारीण प्रीतल बसल्या होत्या.

“काका नाय आले?” प्रीतलनं विचारलं.

“खोकून खोकून थकलाय. मीच औषध न्यायला आले. डॉक्टर सांगून दमला, पन सिगार सुटत नाय.”

“तुमच्या ब्रायननं बोटीवरून आणलेले?”

“तेच. मी पेटीत ओलं फडकं ठेवते.”

“मावशी, ते सुकवलेले सिगार. ब्रायन सांगून गेला ना, त्यांना दुसऱ्या सिगारांसारखं पानी लागत नाय, कोरडेच ठेवायचे.”

“ठाऊक हाय.”

“मग बुरशी येईल की.”

“येऊ दे. पोरानं आणलेली पेटी मी फेकली तर हा जेवायचा नाय. बुरशी आली तर आपल्या हातानं फेकील.”

कंपाउंडरनं सुनंदाला हाक मारली. तिनं मागच्या बाईंना पुढे जाऊ दिलं.

“आली बुरशी?” प्रीतलनं विचारलं.

“कुठली. त्याच्या ध्यानात आलं. काल सगळे सिगार उन्हात मांडले, बोंबलांच्या शेजारी. बोंबलांवर येणारी मांजरं तुडवतील म्हणून दिवसभर काठी घेऊन बसला.”

“म्हंजे तुमची मेहनत फुकट.”

“फुकट कशी? राखत बसला तवर एक पन ओढला नाय.”

“आता काय करणार?”

“काय करनार? निघताना परत फडकं भिजवून आले.”