घोट्याएवढ्या उंचीवर

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आईच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते. डोळे मिटूनच ती लेकीला विचारत होती.

"कारखान्याचा कार्बन डायऑक्साइड आपल्या टेकडीखाली गाडणार होते, ते काम तूच अडवलंस म्हणे?"

"अडवलं. धोका तपासणं हेच तर काम माझं. गळती पकडणारी यंत्रं त्यांनी उंच खांबांवर लावली होती."

"मग बिघडलं काय?"

"अगं, तो वायू हवेपेक्षा जड. वारा पडला की खोलगट जागी साचतो. घरामागच्या घळीत मी मुद्दाम थोडा सोडून बघितला. यंत्रं ढिम्म!"

"कारखान्याचे साहेब काय म्हणाले?"

"उगाच बाऊ करतेस म्हणाले. मी म्हटलं, यंत्रं घोट्याएवढ्या उंचीवर आणा, नाहीतर परवानगीवर माझी सही विसरा. महिनाभर धुसफुसले, पण आणली. काल परत वायू सोडला, तर असा भोंगा वाजला की साहेबांचा चहा सांडला!"

"म्हणजे कालचा तो भोंगा तुझा होता होय!"

"मग तुम्ही गल्लीतल्यांनी काय केलंत?"

"काय करणार? तूच बजावलं होतंस ना, भोंगा झाला की चढावर पळायचं, घळीकडे उतरायचं नाही. अख्खी गल्ली टेकडीवर! आणि हे असले गुडघे घेऊन मी सगळ्यांच्या पुढे."

"खरंच? सगळे वर?"

"सगळे!"

"मग आज करते सही."