घमेल्याचा निबंध

पैठणचा मी. वडील मागावर पैठणी विणायचे, घरात बोलणं दखनी, गल्लीत मराठी, आन् मी झालो मराठीचा मास्तर, ते बी करमाडकडच्या एका खेड्यातल्या शाळंत. वडील म्हणायचे, बेटा, पहले उस्ताद का मोर बुनो, फिर अपना.

तीच रीत मी पोरांना लावली. आधी चांगला उतारा पाठ करायचा, मग तो उतरून काढायचा, मग पुस्तक मिटून आठवून लिहायचा, आन् शेवटी त्याच घडणीचं आपलं वाक्य करायचं. लोक हसायचे, मास्तर पोरांचे पोपट करतात म्हणायचे. मी म्हणायचो, थांबा, ह्यातूनच एक दिवस कुणाचा तरी मोर नाचंल. आन् नाचला की हो. काय सांगू तुम्हाला, त्याच दिवशी मी त्याची मान मुरगाळली.

वैशाली म्हणून पोरगी होती सातवीत, आई बांधकामावर जायची. घरातली एक वस्तू असा निबंध दिला, तिनं आईच्या घमेल्यावर लिहिला. एक वाक्य मला अजून पाठ हाय, घमेलं दाराशी पालथं पडलं की मगच आईची पाठ जमिनीला टेकते. वाचलं आन् माझ्या मनात शाबास नाय आलं. आलं, की चोरलं. बांधकामावरच्या बाईची पोर असं लिहील कसं? लाज वाटते सांगायला, पण हेच आलं. दोन वर्षं मीच शिकवत होतो, आन् शिकली तर माझाच इश्वास नाय.

इचारलं, कोणत्या पुस्तकातलं? ती म्हणे, पुस्तकातलं नाय सर, आमच्या घरातलं हाय. मी वर्गापुढं उभी केली, आन् मी चोरी करणार नाही हे शंभरदा लिहायला लावलं. रडत लिहिलं तिनं, पण अक्षर शेवटपर्यंत वळणदार, मीच शिकवलेलं ना.

दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता आई आली, घमेलं काखेत. म्हणली, सर, मला वाचाय येत नाय, पर पोरगी इचारत व्हती, आई तू आल्यावर आधी काय करती. मी म्हणलं, घमेलं पालथं घालती आन् पडती. ते घमेलं एका कडेला चेपलेलं, निबंधात होतं तसंच. मला समदं कळलं. चुकलं माझं, एवढे दोन शब्द, पण वर्ग बघत होता, तोंडातून निघंनात. बरं, जा कामाला, म्हणलो.

त्यानंतर वैशाली उतारा हुबेहूब उतरवायची, काना-मात्रा चुकायची नाय. पण आपलं वाक्य कर म्हणलं की वही मिटून बसायची. शाळा सोडून जाईस्तोवर एक वाक्य लिहिलं नाय.

आता रिटायर होऊन इथं संभाजीनगरात राहतो, संध्याकाळी ओसरीवर गल्लीतली पोरं लिहायला बसवतो. मागल्या महिन्यात वैशाली आली, आपल्या पोरीला घेऊन. मी हात जोडले, म्हणलो, बेटा, तो निबंध तुझाच होता, चुकलं माझं. तिनं पोरीची वही माझ्यापुढं ठेवली. मग म्हणली, सर, तुमच्यासारखं अक्षर कुणी वळवत नाय म्हणून आणली. पर हिला अक्षर तेवढंच शिकवा. तिला काय लिहायचं ते ती माझ्यापाशी लिहील.

पोरगी रोज येते. मी उतारा देतो, ती उतरवते, आन् खालच्या दोन ओळी रिकाम्या ठेवून वही घरी नेते. दुसऱ्या दिवशी त्या भरलेल्या असतात. मी बघत नाय, पान उलटतो. अल्ला तिच्या हाताला बरकत देवो, त्या ओळी वाचायचा हक्क मला नाय.