हयात तांडेल

ट्रिपलस्टोअरची एक गंमत सांगते, म्हणजे गंमत नाहीच. चुलतभाऊ बाबलदादा वाचनालयाचा डिजिटल फोटोसंग्रह बाहेरच्या ट्रिपलस्टोअर नावाच्या माहितीसाठ्याला जोडत होता. तिथे प्रत्येक माहिती तीन तुकड्यांत राहते: कोण, कोणतं नातं, कशाशी. मी आणि आई शेजारीच बसलो होतो. जोडणी तपासायला त्याने आमच्या गावातल्या होड्यांच्या म्होरक्यांबद्दल विचारलं, ‘तोंडवलीतले हयात तांडेल कोण?’ पहिलंच नाव माझ्या बाबांचं आलं. त्यांची होडी गेल्या वर्षी समुद्रातून परतलीच नाही.

दादा गडबडला. “काकी, मरणाची नोंद नसली तर ता माणसाक जितो धरता. आत्ता मी बदलतंय.”

“ऱ्हवांदे रे,” आई म्हणाली. “अख्ख्या गावात ह्याच एक माझ्यासारख्या बोलता.”

निघताना तिने हळूच विचारलं, “उद्या पण ह्या चालू असतला मां?”