दुकान वाढव

आता तुम्हीच सांगा, भरवसा ठेवायचा तरी कोणावर? जन्मभर सदर बाजारात कुलपं विकली मी. गिऱ्हाईक विचारे, 'काका, हे कुलूप भरवशाचं आहे न?' मी म्हणायचो, 'कुलूप भरवशाचंच असते गा, चावी ज्याच्या खिशात आहे त्याचं तेवढं पाहून घे.' अन् अशा माणसाले आमची पोरगी मुग्धा पुण्याहून सांगते, 'बाबा, दर गुरुवारी दुपारी आईजवळ एक शिकलेली बाई येईल, तेवढा वेळ तुम्ही बाहेर जा, मोकळे व्हा.' मोकळे... बायकोले, लतिकाले, लकवा झाल्यापासून मी जिना उतरलो तो फक्त औषधं आणाले, अन् ही म्हणते अनोळखी बाईच्या हाती घर देऊन हिंडा. भ्यालो नव्हतो बरं मी. नुसता उजवा जोडा डाव्या पायात गेला.

बाई आली, दामिनी, कळमेश्वरची. हात धुतले, लतिकाची कूस बदलून दिली, उशी लावली, सारं माझ्याहून हलक्या हातानं, हे कबूल, पण तोंड... बापा बापा. 'काकू, माझ्या नणंदेच्या लग्नात काय झालं माहीत आहे का' इथून जी सुरू झाली, ते खाली फाटकापर्यंत ऐकू येऊन राहिलं होतं. अन् लतिकाजवळ उत्तराले शब्द कुठं? लकव्यानं सारे नेले, दोन-चार उरले, तेही दुकानातले.

सदरले गेलो. जुना शेजारी गिरिधर भेटला, तर्री-पोहे मागवले. तो म्हणे, 'काहून गा, खाऊन नाही राहिला?' म्हटलं, गरम आहे. भ्यालो नव्हतो, घास खाली उतरत नव्हता एवढंच. तेवढ्यात दामिनीचा फोन. 'काका, काकू सारख्या "वाढव, वाढव" म्हणून राहिल्या. मी भात वाढला, पुन्हा वाढला, आता ताट दिसून नाही राहिलं, तरी म्हणतात वाढव.'

तुम्हाले सांगतो, पोहे तसेच टाकून उठलो. अहो, आम्ही दुकानदार दुकान 'बंद' करत नाही, अशुभ वाटते, 'वाढवतो'. लतिका गल्ल्यावर बसायची तेव्हा रोज तीच म्हणायची, 'वाढवा आता', की मी शटर ओढायचो. पण मले ती जन्मात अरे-तुरे करत नाही. मग हे 'वाढव' कोणाले? देवाले? की बापा, झालं माझं, ओढ शटर?

ऑटो केला. ऑटोवाला आरशात पाहून म्हणे, 'काका, पेशंट आपही हो क्या?' घरी पोहोचलो, तर कुलपांच्या व्यापाऱ्याले स्वतःच्या दाराची चावी लागेना. भ्यालो नव्हतो, चावीच हलून राहिली होती.

दार उघडलं तर आत लग्न चालूच. नणंदेची वरात आता कुठं मांडवापाशी आलेली. समोर भाताचा डोंगर, अन् लतिका दामिनीच्या तोंडाकडं बोट दाखवून म्हणते, 'वाढव.' तेव्हा कुठं आठवलं मले. दुकानात कंपनीचा एखादा माणूस बडबडत बसला, की ती हळूच माझ्या कानाशी म्हणे, 'याले म्हणा, तुझं दुकान वाढव.'

मी लतिकाच्या उशाशी बसलो. हसलो, रडलोही असेन. मग लतिकाले सांगू लागलो, फोन कसा आला, जीव कसा गेला, ऑटोवाला काय बोलला, गिरिधरचे पोहे कसे तसेच राहिले... तिनं चांगला हात उचलला. वाटलं, माझे डोळे पुसते. हात गेला दाराकडं. म्हणाली, 'वाढवा.' आदरानं.

दामिनी फिस्सकन हसली. 'जा काका, तुमचा वेळ बाकी आहे अजून.'

म्हणून बसलो आहे हा इथं जिन्यात, तुमच्या दाराशी, तुमचं डोकं खात. अन् खरा भ्यालो तो आता... माझ्यावाचून बरं वाटते की काय तिले? पुढच्या गुरुवारी जाईन, जरा लांब जाईन, तिलेही विसावा लागतच असेल. तुम्ही शेजारी, तुम्हाले सारं ऐकू येतेच, फक्त एवढं करा: तिचं 'वाढव' दामिनीले किती झालं अन् मले किती, याचा हिशेब इमानदारीनं ठेवा. माझ्या हाती दिला, तर मी सारं दामिनीच्याच नावावर टाकीन.