बिनमिठाचा हरीरा

(रॉटरडॅम. टाळेबंदीतल्या रमजानचा अठरावा दिवस, दुपार. बंद मशिदीच्या मदत-फोनवर इद्रिस. एरवी तो ट्राम चालवतो. पलीकडे चौथ्या मजल्यावर एकटी राहणारी यामनाखाला. पुढे नगरपालिकेच्या मारिटबाईही याच फोनवर येतात.)

यामना : ...अरे, मला माझा हात कळणार नाही का? पन्नास वर्षं हरीरा करतेय. काल तुमच्याकडून माझ्या दारात जो डबा आला, त्यातला हरीरा माझाच होता.

इद्रिस : खाला, रोजा सोडायचं सूपच ते. मसूर, चणे, टोमॅटो, कोथिंबीर. सगळ्यांचा हरीरा सारखाच लागतो.

यामना : सगळ्यांच्यात मीठ असतं. काल मी घालायला विसरले. आणि डब्यातलाही अळणी.

इद्रिस : करताना चाखायचा ना मग. डॉक्टरांनी रोजे बंद केलेत तुमचे, तुम्हाला कोण अडवतंय?

यामना : रोजा नाही म्हणून काय रमजानात दिवसाढवळ्या चमचा तोंडात घालू? गोळ्यांपुरतं दूध-पाणी घेते, तेवढंच. चमचा साठ वर्षांत नाही घातला. हात ओठांपर्यंत जातो आणि आपोआप खाली येतो.

इद्रिस : बरं. समजा, तुमचाच हरीरा तुमच्याकडे आला. चूक झाली, माफ करा. पण एवढं काय बिघडलं?

यामना : एवढं काय? मी रोज दुपारी एक वाजता दारात पातेलं ठेवते, तुमचा माणूस घेऊन जातो. ते कशासाठी? मला रोजा धरता येत नाही, त्याच्या बदल्यात रोज एका गरिबाला जेवू घालायचं. तो गरीब तुम्ही शोधणार होतात. अठरा दिवस मी निश्चिंत झोपले. आणि तुम्ही शोधून शोधून मलाच शोधलंत?

इद्रिस : यादी आमची नाही, खाला. स्वयंपाक आणि पोचवणं आमचं, पण कुणाच्या दारात, ते नगरपालिका ठरवते. थांबा, मारिटबाईंना जोडून घेतो. ... मारिटबाई, यामना बेन्नानी आहेत फोनवर. त्या यादीत कशा आल्या, ते विचारतायत.

मारिट : नमस्कार. बेन्नानी... हो, सापडलं. वय शहात्तर, एकट्या राहतात. शेरा : तातडीची गरज.

यामना : कोण म्हणालं तसं?

मारिट : आपणच, बाई. एप्रिलमध्ये मी फोन केला होता. काही कमी आहे का, असं विचारलं. आपण म्हणालात, अल्लाहची कृपा आहे, काहीच कमी नाही.

यामना : मग?

मारिट : आम्हाला तसं शिकवलंय. वयस्कर माणसं गरज असली तरी नाही म्हणतात. म्हणून 'काहीच कमी नाही' म्हणणाऱ्यांना आम्ही आधी घेतलं.

इद्रिस : आणि 'हो, कमी आहे' म्हणणाऱ्यांना?

मारिट : त्यांनाही घेतलं.

इद्रिस : मग सुटलं कोण?

मारिट : ज्यांनी फोन आपटला, ते. त्यांचं काय करायचं, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

यामना : इद्रिस, खरं सांग. यादीत माझ्यासारख्या आणखी किती आहेत?

इद्रिस : बघतोय... एकतीस घरं. त्यातल्या अकरा घरांतून आम्ही दुपारी पातेली उचलतो आणि संध्याकाळी तिथेच डबे पोचवतो. हे आत्ता माझ्याही लक्षात येतंय. रुकैयाबाईसुद्धा आहेत.

यामना : रुकैया? तिच्या घरात दोन फ्रीज आहेत. म्हणजे आम्ही म्हाताऱ्या अठरा दिवस एकमेकींचीच पातेली फिरवतोय? बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. एवढ्या मोठ्या शहरात मला एक गरीब द्या. नाव नको, नुसतं दार दाखवा. मी कधी कुणाचं घेऊन ठेवलेलं नाही. हे कर्ज डोक्यावर घेऊन मरायचं नाही मला.

मारिट : मला फार वाईट वाटतंय. उद्यापासून आपलं नाव काढून टाकते.

यामना : काढा. ... नाही, थांबा. काढू नका.

इद्रिस : आता काय झालं?

यामना : नाव काढलं की डबा बंद होईल ना?

इद्रिस : अर्थात. पण तुम्हाला डबा नकोच होता. खाला, एक विचारू? करताना तुम्ही चाखत नाही. गरिबाच्या वाट्याचं खाणाऱ्याही तुम्ही नव्हेत. मग डब्यातला हरीरा अळणी आहे, हे तुम्हाला सांगितलं कुणी?

यामना : कोसनं.

इद्रिस : कोण कोस?

यामना : खालच्या मजल्यावरचा. आपला नाही, इथलाच, डच. बंदरात क्रेन चालवायचा. हिवाळ्यात बायको गेली. मुलगी रोज जेवण आणायची, तिचं येणं या आजारानं बंद झालं. नुसत्या पाव-चीजवर होता. मी पहिल्या दिवशी माझं पातेलं घेऊन गेले, तर दार पुरतं उघडलंही नाही. मला कुणाची दया नको, म्हणाला. मग तुमचा डबा आला. मी बाल्कनीतून पिशवीत घालून खाली सोडला. म्हटलं, पालिका जास्तीचं पाठवते, टाकवत नाही, तेवढे उपकार कर माझ्यावर. घेतलान. तेव्हापासून रोज घेतो. काल सूर्य मावळल्यावर खालून ओरडला, आज मीठ कुठे गेलं? तेव्हा मी घरात उरलेला हरीरा चाखला, तर तोही अळणी.

मारिट : कोस फर्हूल्स्ट? तिसरा मजला? दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा आपटला.

इद्रिस : पण डबे तर आम्ही पाचला पोचवतो. सूर्य मावळतो साडेनऊला.

यामना : तीच तर गोष्ट आहे. पहिल्या दिवशी सवयीनं तोंडातून गेलं, की हे सूर्य मावळल्यावर उघडायचं असतं. त्याला वाटलं, या जेवणाचा नियमच आहे. पाचला पिशवी घेतो, डबा मांडीवर ठेवतो आणि बाल्कनीत बसून राहतो. मी वरून सांगितलं, तुला लागू नाही रे, खा. तर म्हणतो, तुम्ही थांबता तर मीही थांबतो, सहा वाजता एकट्यानं जेवून करायचं काय? हल्ली दुपारचंही सोडलंय त्यानं. भूक राखून ठेवतो म्हणे.

इद्रिस : खाला, म्हणजे तो...

यामना : मला विचारू नकोस. रोजा माझा, तो उपाशी. हरीरा माझा, जेवतो तो. यात माझं अल्लाहकडे काय पोचलं आणि काय नाही, मला काही कळेनासं झालंय.

इद्रिस : मलाही. इमामसाहेबांना विचारतो. पण मग तुमचं पातेलं तुमच्याच दारात आणायचं का रोज?

यामना : आणायचं. पांढऱ्या डब्यात भरून, वर पालिकेची चिठ्ठी चिकटवून. चिठ्ठीशिवाय तो हात लावणार नाही.

मारिट : हे नियमात कुठे बसतं, मला माहीत नाही. पण चिठ्ठ्या मी पाठवते. फक्त यादीत आपल्या नावापुढे काय लिहू? आपल्याला तर गरज नाही, असं म्हणालात.

यामना : आहे. लिहा, गरज आहे.

इद्रिस : आणि खाला, आज मीठ?

यामना : घातलंय. दोनदा पडलं की काय, आठवत नाही.

इद्रिस : मग चाखून बघा की एकदा.

यामना : साडेनऊला. तो खाली झाकण उघडेल, तेव्हा मी वर.