पायाळूचा पाय

उठा, उठा आधी, आसं पालथं पडू नगा — शर्ट घाला तो अंगात. मी म्हणले का तुमाला झोपा म्हणून? ओटा दिसला की झाले पालथे! सावकास, सावकास — तसं न्हाई राव, आधी कुशीवर व्हा, मग हातावर जोर द्या, मग पाय खाली सोडा. हां. आसं उठायचं आसतं. डाक्टरनं शिकवलंय हे माझ्या पोराला, ते बगून बगून मला पाठ झालंय. बसा त्या खुर्चीत. अन् तो नारळ घ्या माघारी. आमी कधी कुणाचं काई घेतलं न्हाई, अन् आता तर मी पाय बी लावत न्हाई कुणाला. दोन वर्सं झाली बंद करून. कुठनं आलात — डिंभ्यावरनं? आसल्या कमरंनं तीन गाड्या बदलून निमगावात आलात? अरं देवा. ज्यानं पाठीवलं त्यानं सांगितलं न्हाई व्हय, म्हातारीनं बंद केलंय म्हणून? ऱ्हाऊ द्या, आसंल कुणीतरी जुनं माणूस. रुपाली! बास की गं, सुकली ती फरशी! पावण्याला च्या टाक वाईच! — सून हाय माझी. बाथरूम पुसती. फडक्याचा आवाज येतोय न्हवं? दिसातनं चार येळा पुसती. ऱ्हाऊ द्या, ते निराळं.

तुमचं सांगा. कळ पायात उतरती का? कुठवर — पोटरीपर्यंत? मुंग्या? लगवी साफ होती ना? लाजू नगा, मी तुमच्या आयच्या वयाची हाय. बसायच्या जागंला बधिर लागतं का, चिमटा घेतला तर कळतं का? कळतं — बरं. मग आजून येळ हाय तुमाला. ती पिशवी कसली, फोटो काढलाय व्हय? मला दावू नगा, मला त्यातलं काय कळतंय. आळेफाट्याला जावा. तितं एक डाक्टर हाय, ऑपरेशन न करता मणक्याचं बगतो, त्याला दावा.

व्हय, खरंय, पायाळू हाय मी. तुमी ऐकलं ते खोटं न्हाई. सगळी माणसं डोक्यानं जल्माला येत्यात, मी आले पायानं. सुईण म्हणली व्हती म्हणं, ही जगली तर धा गावच्या कमरा सरळ करील. ल्हानपणी ईज कडाडली की आय मला कणगीमागं कोंबायची — पायाळूला ईज वढती म्हणत्यात ना. सासऱ्यानं मला बगितली बी न्हाई नीट, म्हणले, पोरगी पायाळू हाय, मग बास, ठरलं. अन् मग काय — रविवारी अन् बुधवारी ह्या ओट्यापासून रस्त्यापत्तोर माणसं! उसण भरलेली, चमक निघालेली, वाकडी झालेली. पारोशा अंगानं यायचं, पालथं पडायचं, मी डावा पाय कमरंवर तीन येळा दाबायचा. वाकडा आलेला माणूस सरळ जायचा, खोटं न्हाई सांगत. आता डाक्टर म्हणतो, बाई, साधी उसण चार दिसात आपली आपण उतरती. आसंल. पण तवा मला कोण सांगणार? चाळीस वर्सं लोक पाया पडत व्हते — माझ्या न्हाई, ह्या पायाच्या. माणसाला वाटायला लागतंच हो. मला बी वाटलं.

भरत. एकुलता एक. पिकअप व्हती त्याची, टोमॅटो घेऊन नारायणगावला मार्केटात जायचा. लई हसरा. गाडीचा आवाज आला की समजायचं, आता घरात दंगा. एक दिवस क्रेट उचलायला वाकला अन् तितंच बसला. कळ डाव्या कुल्ल्यातनं निघायची ती टाचंपर्यंत. मी म्हणलं, पड पालथा. तर रुपाली म्हणली, आत्याबाई, पायात उतरलीया कळ, आधी फोटो काढू. पोरगी शिकलेली, माझं तोंड पडलं पण मी गप बसले. आळेफाट्याला गेले दोघं. डाक्टरनं सांगितलं, दोन मणक्यांच्या मधी गादी आसती, ती सरकलीय, शीर दाबलीय. कापाकापी नगं, धीर पायजे. कंबरंला पट्टा बांधून मशीननं हळूहळू वढायचा, हातानं बगून बगून मणका मोकळा करायचा, घरी पालथं पडून छाती उचलायचा व्यायाम. अन् लिहून दिलं — वजन उचलायचं न्हाई, चोळायचं न्हाई, पाय देऊन घ्यायचा न्हाई. अन् बसायची जागा बधिर झाली, न्हाईतर लगवी अडली, तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी न्हाई. रुपालीनं तो कागद फ्रिजला चिकटवला. मला वाचता येत न्हाई. पाय देऊन घ्यायचा न्हाई, हे तिनं मला वाचून दावलं न्हाई. — माझं मन राखलं हो तिनं. दुसरं काय.

अन् गुण येत व्हता! ते बी सांगते. पाच आठवडे झाले, गडी रात्रीचा झोपाय लागला, आंगणात फिराय लागला. मला आनंद व्हायला पायजे व्हता का न्हाई? आय ना मी? पण शेजारच्या हळदीला गेले तर ती ठकूबाई भर मांडवात म्हणती, गोजरबाई, गावाला पाय अन् पोराला डाक्टर व्हय? सगळ्या बाया हसल्या. मी बी हसले. घरी आले अन् जेवले न्हाई. दुसऱ्या दिवशी बी न्हाई. कुणाशी बोलले न्हाई. येड्यावाणी रुसले, साठीला आलेली बाई, पोरावर! का, तर तो बरा होतोय अन् माझ्या पायानं न्हाई.

मग त्या हप्त्यात दोघं दवाखान्यातनं खुशीत आले. पायातली कळ गेली व्हती, नुसती कमरंत ऱ्हायली व्हती. डाक्टर म्हणला, कळ पायातनं वर कंबरंत आली म्हंजी गादी माघारी चाललीय, लई चांगलं लक्षण हाय, आता गडबड करू नगा. रुपालीनं मला हे सगळं हौसेनं सांगितलं. अन् मी काय समजले? मी समजले, पायातली कळ डाक्टरची व्हती, ती त्यानं काढली. आता कंबरंत आली, म्हंजी ही नुसती उसण ऱ्हायली. म्हंजी ही माझी. — आसं समजले हो मी. तसं उघड बोलले बी भरतशी. त्यानं माझ्याकडं बगितलं. रुपाली मळ्यात गेली व्हती. बुधवार व्हता. ह्याच ओट्यावर त्यानं घोंगडं टाकलं, म्हणला, आये, दोन दिस झालं जेवली न्हाईस. दे पाय, अन् जेव.

त्याला नको व्हता हो पाय. मला पायजे व्हता.

दोन येळा हळू दिला. तिसऱ्याला मी भार टाकला. कट्टदिशी वाजलं आत. मला वाटलं, बसली! मी हसले. तो बी हसला, तोंड घोंगड्यात घालून, म्हणला, गेली बग आये. उठला, हात धुतला, अन् दोघं जेवलो. पिठलं केलं व्हतं मी. भाकरी वाढताना मनात काय म्हणले सांगू? म्हणले, आता ठकूबाईला सांगते.

...ठेव पोरी, हितं ठेव. पावण्याला दे आधी. काई न्हाई गं, कमरंचंच बोलतोय, डिंभ्याचे हायेत. जा तू. — आगं, पुन्हा कुठं चाललीस, सुकलीया ती... गेली. घ्या, च्या घ्या.

हळू बोलते आता. वाईच जवळ सरका.

त्याच सांजंला त्याला बसायच्या जागंला बधिर झालं. रात्री लगवी आडली. कागद फ्रिजवर, त्याला पाठ! पण बोलला न्हाई. का? तर डाक्टर इचारील, काय केलं. रुपाली इचारील. मग माझं नाव येईल. एक दिस काढला, दुसरा काढला, आम्हाला म्हणायचा, बरं हाय, बरं हाय. तिसऱ्या सकाळी बाथरूमात गेला अन् पायच न्हाईत खाली, पडला धाडकन. गाडीत माझ्या मांडीवर डोकं व्हतं. मला वाकवलं खाली अन् कानात बोलला — आये, मी बाथरूमात पडलो, तवा हे झालं, आसंच म्हणायचं. पायाचं बोलायचं न्हाई. माझी शपथ हाय. मी मान हलवली. पुण्याला ऑपरेशन केलं त्यांनी तातडीनं, पण डाक्टर बाहेर येऊन मला एकटीला म्हणले, दोन दिस आधी आणायचा व्हता. कमरंखाली काई न्हाई आता. चाकाच्या खुर्चीत आसतो, लगवीची पिशवी लावलेली. छत्तीस वर्सांचा हाय.

अन् आता ते फडकं ऐका. त्या सकाळी रुपालीनं बाथरूमात वाकळा धुतल्या व्हत्या. साबणाचं पाणी फरशीवर. ती काय समजली आसंल, सांगा ना! दवाखान्यात डोकं आपटून रडली, मी फरशी धुतली न्हाई, मी फरशी धुतली न्हाई. तिच्या आय-बापासमोर, गावासमोर. ठकूबाई तर म्हणली, शिकलेल्या सुना आसल्याच. अन् मी तितंच बसलेली, पदर तोंडात घालून. एक शब्द बोलायचा व्हता. पोराची शपथ मोडंल म्हणून गप बसले, आसं सांगत आले मनाला. खोटं. साफ खोटं. मला मान ऱ्हायला पायजे व्हता. दोन वर्सं झाली, ती पोरगी कोरडी फरशी पुसती. त्याची पिशवी बदलती, मला गरम भाकरी वाढती, अन् जाऊन पुसती.

हे तुमाला का सांगत बसले मी? परक्या माणसाला... तुमी पालथं पडलात ना, त्यानं झालं. ओट्यावर तोंड घातलंत, भरतनं घोंगड्यात घातलं व्हतं तसंच. जावा, आळेफाट्याची गाडी चुकंल. कुणाला सांगू नगा. अन् ज्यानं हितं पाठीवलं त्याला सांगा, गोजरबाई पाय लावत न्हाई. — आं? कुणाला इचारलंत वाट? फाट्यावरच्या टपरीपाशी? कोण व्हता?

खुर्चीत बसलेला?

त्यानं सांगितलं? काय म्हणला? — आमच्या आयकडं जावा, म्हणला? लई गुण हाय तिच्या पायाला? ती तीन येळा न्हाई म्हणंल, ऐकू नगा, पालथं पडा नुसतं... आसं म्हणला? हसून म्हणला?

अन् तुमी इचारलंत का त्याला, तुला काय झालं रं बाबा?

काय म्हणला?

...

बाथरूमात.

आजून तेच सांगतो. दोन वर्सं झाली, डिंभ्याच्या माणसाला, ज्याला पुन्हा कधी बगायचं न्हाई, त्याला बी. माझा ओटा पुन्हा भरावा म्हणून रोज तितं फाट्यावर बसतो माझा भरत, अन् मी समजत व्हते, माणसं बगायला जातो.

घ्या तो नारळ. उठा. कुशीवर न्हाई, खुर्चीतनं उठताना हातावर जोर द्या, हां. जावा तुमी आता. च्या ऱ्हाऊ द्या. जावा म्हणते ना, माझ्याकडं बगत उभं ऱ्हाऊ नगा.

रुपाली. ये पोरी. ते फडकं ठेव खाली. न्हाई, वाळत घालू नगंस, टाक तितंच, अन् हितं ये. माझ्यासमोर बस.