मशीन का स्टेअरिंग

बाबांच्या मृत्यूचा दाखला घेऊन मी बीडच्या स्टँडवर युसूफ वडगावच्या एसटीची वाट पाहत होते. शेजारी त्याच गाडीवर ड्युटी असलेली, खाकी गणवेशातली वैजंता आणि डबा घेऊन आलेले तिचे वडील, अप्पा, बोलत होते. तिच्या नेमणुकीत गाडी चालवणं आणि तिकीट काढणं, दोन्ही कामं होती.

"पेपरात तुझ्यासंगं ट्रेनिंगला असलेल्या प्रियदर्शनीचा एसटी चालवताना फोटू आलाय. लोकांनी हार घातला म्हणं."

"पाहिला. मलाबी येती की गाडी."

"मंग रोज तिकिटाचं मशीन कावून मागती?"

"रिव्हर्समधी तिचे मार्क माझ्यापेक्षा कमी होते, अप्पा."

"आन् फोटू तिचा."

"टोचू नका."

"आठ महिन्यांखाली तुझ्या गाडीचा आरसा खांबाला घासला. खांब इसरला, तू न्हाई इसरली."

"मागं पन्नास माणसं असत्यात. परत काही झालं तर?"

"मंग तिकिटं फाड आन् तिचे फोटू पाहत बस."

"तिला घरी असं कुणी बोलत नसंल!"

"तिला गरजच न्हाई."

गाडी फलाटाला लागली. वैजंताच्या जोडीदारानं खाली उतरून विचारलं,

"काय घेता मॅडम, मशीन का स्टेअरिंग?"

वैजंतानं गाडीच्या आरशाकडं पाहिलं.

"स्टेअरिंग."

"मी बी येतो. पुढंच बसतो."

"न्हाई अप्पा. आपल्या जीपमधी तुमी शेजारी बसून उगं पायानं नसलेला ब्रेक दाबता. मागं बसा."

अप्पा मुकाट्यानं शेवटच्या सीटवर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. गाडी रिव्हर्स येऊ लागली, तेव्हा त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला होता.